सूझौच्या अंगणातील दगडी रांगोळी

शांघायहून निघालेली जलद आगगाडी अर्ध्या तासातच सूझौला पोहोचते. ऑक्टोबर महिना संपत आला होता. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच हवेत पिकलेल्या जर्दाळूसारखा एक मंद, गोडसर गंध जाणवला. रस्त्याच्या कडेच्या हिरव्यागार झाडांवर इवलीशी पिवळी फुले गच्च लगडली होती. "आई, हा ग्वेहुआ. या दिवसांत सारे शहर असेच घमघमते," मुलाने सांगितले. नोकरीच्या निमित्ताने तो तीन वर्षांपासून शांघायमध्ये आहे. आम्ही दोघे प्रथमच त्याच्याकडे गेलो होतो आणि त्याने आपल्या सुट्टीचे दोन दिवस सूझौच्या जुन्या बागांसाठी राखून ठेवले होते.

बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, फुलांचे ताटवे आणि कारंजी उभी राहतात. सूझौची बाग तशी नसते. ती उंच पांढऱ्या भिंतींच्या आड दडलेली असते आणि तिथे घर कोठे संपते व बाग कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. दालनातून ओसरीत, ओसरीतून चौकात, चौकातून तळ्याकाठच्या मंडपात असा हा प्रवास चालतो. राजदरबारातील सेवेचा शेवट झालेले किंवा तिला विटलेले अधिकारी, विद्वान आणि सधन गृहस्थ यांनी उरलेले आयुष्य शांतपणे घालवावे म्हणून या बागा रचून घेतल्या. त्यांतील सर्वांत मोठी 'नम्र प्रशासकाची बाग' सोळाव्या शतकाच्या आरंभी दरबार सोडून परतलेल्या अशाच एका अधिकाऱ्याने उभारली. आज तिचा विस्तार सुमारे 5 हेक्टर आहे. युनेस्कोने 1997 साली येथील 4 बागांचा जागतिक वारशात समावेश केला आणि 2000 साली त्यांत आणखी 5 बागांची भर पडली.

आमचे हे सरकारी खात्यात आरेखक होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी कोणतीही इमारत दिसली की तिचा नकाशा मनाशी काढण्याची सवय गेलेली नाही. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्यांच्या वेळा, सकाळचे फिरणे, दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी हे सारे आरेखकाच्याच काटेकोरपणाने चालते. त्यामुळे त्यांच्या प्रकृतीची मला फारशी काळजी नव्हती. अलीकडे चालता चालता त्यांच्या पायातली चप्पल मागे राहून जाई आणि चार पावले पुढे गेल्यावर ते त्यांच्या लक्षात येई, एवढेच काय ते. त्यावर आम्ही घरात हसत असू. वयाबरोबर आलेला विसराळूपणा, अशी त्याची आम्ही संभावना केली होती.

बागेत शिरलेल्या गर्दीची नजर वर आणि पुढे होती. तळ्याच्या दूरच्या टोकाला, बागेच्या भिंतीपलीकडचा पॅगोडा जणू बागेतच उभा आहे असा दिसतो. त्याचे छायाचित्र घेण्यासाठी झुंबड उडाली होती. हे मात्र मान खाली घालून, एकेक पाऊल जपून टाकत चालले होते.

"अहो, वर बघा की जरा! तो पॅगोडा पाहिलात का?"

"बघतो गं. पण तू पायांखाली काय आहे ते पाहिलेस का?"

मी खाली पाहिले. आम्ही एका फुलावर उभे होतो. बोराएवढे काळे, पांढरे, तांबूस गोटे एकमेकांना खेटून बसवले होते, आणि उभ्या धारेवर रोवलेल्या कौलांच्या पातळ रेषांनी त्यांना पाकळ्यांचा आकार दिला होता. एका फुलाच्या पाकळीतून दुसरे फूल, दुसऱ्यातून तिसरे, असा सारा चौक भरला होता. ठिपक्यांची रांगोळी पूर्ण झाल्यावर कोणत्या ठिपक्यापासून सुरुवात केली होती, ते जसे ओळखता येत नाही, तसेच हे होते. फरक एवढाच की ही रांगोळी पायांनी पुसली जाण्यासाठी नव्हती.

या फरसबंदीला चिनी भाषेत 'हुआजिए' म्हणजे फुलांचा रस्ता म्हणतात, आणि तिच्यातल्या गुळगुळीत गोट्यांना राजहंसाच्या अंड्याचे दगड. हे नाव ऐकल्यावर त्या गोट्यांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. नदीने वर्षानुवर्षे घासूनपुसून दिलेले हे दगड, घराच्या दुरुस्तीतून उरलेली कौले, फुटक्या विटा, तडकलेल्या रांजणांच्या खापऱ्या आणि फुटलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, एवढ्यावर हे वैभव उभे राहते. यात विकत आणलेला मौल्यवान दगड जवळपास नसतोच.

याच बागेत एक लहानसा चौक आहे. तिथे हाईतांग नावाची, सफरचंदाच्या कुळातली झाडे आहेत. वसंतात त्यांना गुलाबी बहर येतो. आम्ही गेलो तेव्हा बहर नव्हता, पण चौकाच्या जमिनीवर चार पाकळ्यांची हाईतांगची फुले वर्षभर उमललेली होती. वर झाड, खाली त्याच्याच फुलांचा सडा. दुपारी आम्ही 'जाळ्यांच्या स्वामीची बाग' पाहिली. जाळ्यांचा स्वामी म्हणजे मच्छीमार. सत्तेचा मोह सोडून मासेमारी करत निवांत राहावे, ही जुन्या चिनी विद्वानांची आवडती कल्पना, आणि बागेच्या नावात तीच आहे. तिथल्या एका अंगणात गोट्यांनी मासेमारीचे जाळे विणलेले आहे. बागेच्या दारावरची कल्पना थेट जमिनीपर्यंत उतरवायची आणि चालणाऱ्याच्या पायांखाली अंथरायची, ही या रचनाकारांची रीत.

मिंग राजवटीच्या अखेरीस सूझौजवळच्याच प्रदेशात जी चेंग नावाचा उद्यानरचनाकार होऊन गेला. उद्यानकलेवरील त्याचा 'युआन ये' हा ग्रंथ 1631 साली लिहून पूर्ण झाला. त्यात फरसबंदीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचनीय आहे, कारण त्यात घर चालवणाऱ्या माणसाची काटकसर आणि रसिकाची खोड दोन्ही दिसतात. फुटक्या कौलांनाही चांगले दिवस येतात, असे त्याचे म्हणणे. ती धारेवर रोवून खडकाच्या पायथ्याशी लाटा उठवाव्यात. फुटक्या चौकोनी विटा घासून त्यांचा तडकलेल्या बर्फासारखा नमुना प्लमच्या झाडाभोवती मांडावा, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडाच्या पायथ्याशी हिवाळाच अंथरला जातो. वाटेसाठी बारीक दगड डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीने बसवावेत. ते टिकतात आणि देखणेही दिसतात. गोल गोट्यांविषयी मात्र तो बजावतो, की ते वर्दळ नसलेल्या जागीच घालावेत. गोट्यांनी करकोचे, हरणे आणि चेंडू खेळणारे सिंह काढण्याच्या हौसेची तर त्याने थट्टाच केली आहे. असली चित्रे शेवटी कुत्र्यासारखी दिसतात आणि हसे होते, असे त्याचे मत.

लोकांनी त्याचे ऐकले नाही. सूझौच्या बागांतून करकोचे आणि हरणे जागोजागी भेटतात, कारण चिनी परंपरेत दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे आहेत. त्यांच्या जोडीला वटवाघूळ असते. आपल्याकडे अशुभ मानलेला हा जीव तिथे अंगणात सन्मानाने बसलेला पाहून मी चकित झाले. मुलाने उलगडा केला. वटवाघळासाठीचा चिनी शब्द आणि सौभाग्यासाठीचा शब्द, दोहोंचा उच्चार एकच, 'फू'. म्हणून पाच वटवाघळे म्हणजे पाच सौभाग्ये: दीर्घायुष्य, समृद्धी, निरामय व शांत जीवन, सद्‌गुणांची आवड आणि आयुष्य पूर्ण जगून आलेला सुखाचा शेवट. दीर्घायुष्य पहिल्या क्रमांकावर असले, तरी आरोग्य वेगळे मोजले आहे. नुसते पुष्कळ जगणे आणि धड राहून जगणे या दोन गोष्टी त्या जुन्या लोकांनी एकत्र केल्या नव्हत्या.

परतीच्या वाटेवर एका दोरी लावून बंद केलेल्या कोपऱ्यात फरसबंदीची दुरुस्ती चाललेली दिसली. यांचे पाय तिथेच थबकले आणि पाऊण तास हलले नाहीत. दोन कारागीर बुटक्या स्टुलांवर बसून काम करत होते. त्यांच्याभोवती टोपल्या होत्या: एकीत काळे गोटे, दुसरीत पांढरे, तिसरीत तांबडे, आणि प्रत्येक टोपलीतले गोटे एकाच आकाराचे. आधी जमीन ठोकून, तिला अगदी हलका उतार देऊन घेतलेली होती. तीवर दोऱ्या ताणून चौकट आखली होती. मग कौलांचे आणि विटांचे पातळ तुकडे धारेवर उभे करून नमुन्याच्या रेषा बसवल्या. "आधी रेषा, मग रंग. आमच्या टेबलावरही हेच होते," हे पुटपुटले. रेषांच्या आतल्या घरांत वाळू आणि सिमेंटचे कोरडे मिश्रण भरून त्यात गोटे रोवले जात होते. पूर्वी या जागी चुन्याचे मिश्रण असे. गोटा आडवा ठेवायचा नाही. तो उभा रोवायचा, निम्म्याहून अधिक भाग जमिनीत जाईल असा. म्हणूनच असंख्य पावले पडूनही तो उखडत नाही. एक घर भरले की त्यावर फळी ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचे, म्हणजे सारी डोकी एका पातळीत येतात. मग कोरडे मिश्रण कुंच्याने फटींत लोटायचे, झारीने हलके पाणी शिंपडायचे आणि गोट्यांचे माथे पुसून घ्यायचे.

यांनी मुलाला दुभाष्या करून प्रश्नांची सरबत्ती लावली. नमुना ठरवतो कोण? कारागिराने शेजारच्या शाबूत भागाकडे बोट दाखवले. जुन्या चौकात आपली कल्पना चालवायची नसते. जे उरले आहे ते मोजायचे, कागदावर उतरवायचे आणि तुटलेला भाग त्याच मापाने, त्याच रंगाने भरायचा. नवा चौक असेल तर आधी पाहायचे, की माणूस तो कोठून पाहणार आहे. ओसरीतून दिसणारा नमुना मोठा असला तरी चालतो. पण अरुंद वाटेवर मोठे फूल काढले तर चालणाऱ्याला त्याची एकच पाकळी दिसते. लांबट गोट्याचे तोंड रेषेच्या दिशेने वळवायचे. त्यानेच पाणी वाहते आणि माशाच्या अंगावर खवले उठतात. रंगांची निवड गोटे भिजवून करायची, कारण पावसात प्रत्येक दगडाचा रंग गडद होतो आणि कोरडेपणी वेगळे वाटणारे दोन दगड ओले झाल्यावर सारखेच दिसू शकतात. पावसाळी प्रदेशातल्या या अंगणांचा आणखी एक गुण म्हणजे पाणी साचत नाही. ते फटींतून आणि उतारावरून निघून जाते आणि चिखल होत नाही. कापडी बूट घालून वावरणाऱ्या घरधन्याला याचे मोल नक्कीच कळत असणार.

ती संध्याकाळ यांनी हॉटेलच्या खोलीत कागदावर पाकळ्या काढण्यात घालवली. एवढे रमलेले त्यांना मी निवृत्तीनंतर पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या सार्वजनिक उद्यानात फिरायला गेलो. तिथे गोट्यांची एक वाट होती. नक्षी बेताची, पण गोटे चांगले टपोरे आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. सात-आठ वृद्ध स्त्रीपुरुष बूट काढून, मोजे घालून तीवरून सावकाश चालत होते. जी चेंगने वर्दळीपासून दूर ठेवायला सांगितलेले गोटे इथे मुद्दाम तुडवण्यासाठीच अंथरले होते. चीनमधील उद्यानांत अशा वाटा सर्रास दिसतात. आम्हीही पादत्राणे काढली. मी कशीबशी चार पावले टाकली आणि "अगं आई गं!" म्हणत कठडा धरला. तळव्याच्या ज्या भागांचे अस्तित्व मी विसरले होते, तो प्रत्येक भाग एकेका गोट्याने शोधून काढला. मुलगा तर उड्या मारतच बाहेर पडला.

हे मात्र हात मागे बांधून शांतपणे त्या टोकाला गेले आणि तसेच परत आले. चेहऱ्यावर आठीदेखील नाही. फक्त नजर खाली, पावलांवर.

"बघ, बाबा किती कणखर आहेत!" मी मुलाला म्हणाले. मला खरोखरच अभिमान वाटला.

कठड्याशी उभी असलेली एक वृद्ध बाई यांच्याकडे एकटक पाहत होती. ती मुलाशी काही बोलली आणि यांच्या पायांकडे बोट दाखवले. उजव्या मोज्याच्या टाचेपाशी बोटभर लाल डाग होता. यांना बाकावर बसवून मोजा काढला. एखाद्या टवका उडालेल्या गोट्याची धार लागली असावी. तळव्याला जखम होऊन रक्त येत होते. "दुखत नाही का हो?" मी विचारले. त्यांनी जखमेकडे दुसऱ्याच कोणाचा पाय पाहावा तसे पाहिले आणि म्हणाले, "नाही गं. काही कळलेच नाही."

जवळच्या औषधांच्या दुकानातून साहित्य आणून मुलाने जखम धुतली आणि पट्टी बांधली. मग बराच वेळ आम्ही तिघे गप्प बसून होतो. शेवटी हेच बोलले. वर्षभरापासून तळवे बधिर वाटतात, जाड मोजे घातल्यासारखे. पाऊल नक्की कोठे पडले ते नीट उमगत नाही, म्हणून खाली पाहून चालावे लागते. अंधारात तोल जाईलसे वाटते. सांगण्यासारखे दुखत काहीच नव्हते, मग सांगायचे काय?

आदल्या दिवशी सबंध बागेत त्यांची मान खाली होती. ती नक्षी पाहण्यासाठी आहे, असे मी समजत होते. नक्षी त्यांना आवडली हे खरेच. पण ते मुळात पाहत होते ते आपले पाऊल. पायांचे काम डोळे करत होते. आणि मागे राहणारी ती चप्पल विसराळूपणाने राहत नव्हती.

पुण्याला परतल्यावर लगेच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यांना डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याच्या निरनिराळ्या ठिकाणी टेकवला. दर स्पर्शाला "हो" म्हणायचे होते. कित्येक ठिकाणी खोलीत शांतताच राहिली. मग 128 हर्ट्‌झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला. त्याचे कंपनही कळले नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितले. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते. सर्वांत लांब तंतू आधी बाधित होतात, म्हणून सुरुवात पावलांपासून होते. कोणाला मुंग्या येतात, कोणाची आग होते, तर कोणाची संवेदना गाजावाजा न करता निघून जाते. न दुखणारी जखम दुर्लक्षित राहते, चिघळते आणि प्रकरण कधी कधी पाय गमावण्यापर्यंत जाते. चौदा वर्षांत रक्ताची तपासणी एकदाही चुकली नव्हती, पण पायांची तपासणी एकदाही झाली नव्हती. कोणी मोजे काढायला सांगितले नाही आणि आम्हीही ते कधी काढून दाखवले नाहीत. ती लहानशी जखम भरून यायला सहा आठवडे लागले.

गोट्यांच्या वाटेवर माझा राग नाही. उलट तिच्याविषयी अधिक माहिती मिळवावीशी वाटली. अमेरिकेतील ओरेगॉन संशोधन संस्थेच्या संशोधकांनी चीनमध्ये अशा वाटांवर व्यायाम करणारी माणसे पाहिली आणि गोट्यांसारखा उंचसखल पृष्ठभाग असलेल्या चटया वापरून साठीपुढच्या 108 व्यक्तींवर अभ्यास केला. एका गटाने आठवड्यातून 3 वेळा असे 16 आठवडे त्या चटयांवर चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्या गटाने नेहमीसारखे चालण्याचा. 2005 साली अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, चटईवर चालणाऱ्यांचा तोल, खुर्चीतून उठण्याची क्षमता, चालण्याचा वेग आणि रक्तदाब यांत दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारणा दिसली. उंचसखल जमीन तळव्यांना, घोट्यांना आणि तोल सांभाळणाऱ्या स्नायूंना काम देते, हे सपाट फरशीवर वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. पण हे काम करण्यासाठी तळव्यांत संवेदना जागी असावी लागते.

आपल्या शहरांतल्या उद्यानांतही आता गोट्यांचे 'ॲक्युप्रेशर ट्रॅक' झाले आहेत. त्यांवर जरूर चालावे, मात्र काही पथ्ये पाळून. मधुमेह असलेल्यांनी आधी पायांची संवेदना तपासून घ्यावी. टाइप 2 मधुमेहात निदान झाल्यापासूनच वर्षातून एकदा ही तपासणी व्हायला हवी. तिला काही मिनिटे पुरतात आणि ती वेदनारहित असते. संवेदना कमी असेल तर गोट्यांवरच काय, घरातही अनवाणी फिरू नये. देवळाच्या दुपारी तापलेल्या फरशीवर तर मुळीच नको. तिथे तळवे भाजतात आणि भाजल्याचे कळत नाही. तोल जात असेल तर कठडा नसलेल्या वाटेवर जाऊ नये. पावसाळ्यात गोट्यांवर शेवाळ धरते, तेव्हा सर्वांनीच त्या वाटेला सुट्टी द्यावी. टवके उडालेले, निसटलेले गोटे दिसले तर देखभाल करणाऱ्यांना कळवावे.

आमच्या घरी आता रात्री झोपण्यापूर्वी पाय पाहण्याचा कार्यक्रम असतो. हे खुर्चीत बसतात, मी आरसा तळव्याखाली धरते. बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत ना, कोठे भेग, फोड, लाली आहे का, ते पाहतो. तळव्याला तेल लावतो, बेचक्यांत नाही. अंघोळीच्या पाण्याचा ताप पायाने न पाहता कोपराने पाहायचा, बूट घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवायचा, कुरूप झाले तर ब्लेड लावायचे नाही, शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्यायची नाही, असे नियम यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावले आहेत. घरात वापरायच्या मऊ एमसीआर चपलांना मागे पट्टा आहे, त्यामुळे त्या मागे राहत नाहीत.

यंदा आमच्या सोसायटीने आवारात गोट्यांची वाट करायचे ठरवले. आराखडा यांच्याकडे आला. त्यांनी वाट काढलीच नाही. सोसायटीतल्या ज्येष्ठांपैकी निम्म्यांना मधुमेह आहे आणि त्यांच्यापैकी कितींच्या तळव्यांत संवेदना आहे, ते कोणालाच ठाऊक नाही, असे त्यांनी सभेत सरळ सांगितले. त्याऐवजी फिरण्याचा रस्ता सपाट ठेवून, कोपऱ्यातल्या पारिजातकाखाली, बाकासमोर पाच फूट लांबी-रुंदीचा एक चौक त्यांनी आखला. पाहण्यासाठी, तुडवण्यासाठी नव्हे. जी चेंगचा सल्ला पुण्यात असा अमलात आला. पाकळ्यांना पांढऱ्या गारगोट्या, पार्श्वभूमीला काळे गोटे, आणि केशरी देठांसाठी शेजारच्या पाडलेल्या वाड्याच्या मंगलोरी कौलांचे तुकडे. सोसायटीतल्या मुलांनी गोटे बादलीत भिजवून रंगांप्रमाणे निवडले. गवंड्याला प्रत्येक गोटा उभा रोवायला लावताना यांनी बाकावर बसूनच दोन दिवस काढले. त्याच सुमारास, सभेतले बोलणे ऐकून, सोसायटीतील अकरा जण पाय तपासून आले. त्यांपैकी दोघांची संवेदना कमी झालेली निघाली.

पारिजातकाची फुले पहाटे त्या दगडी फुलांवर गळतात. सकाळचे फिरणे आटोपून, पायात बूट आणि मोजे असताना, हे थोडा वेळ त्या बाकावर बसतात. खरी फुले कोणती आणि गारगोट्यांची कोणती, ते वेगळे करायला त्यांना दोन-तीन मिनिटे सहज लागतात.